हशा कापलेली टेप

टेप सुरू होऊन चार मिनिटं झाली होती आणि एकदाही कोणी हसलं नव्हतं. ना टेपवर, ना खोलीत.

“ही रिहर्सल असणार,” कॉलिन म्हणाला. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ज्या ऑडिओ रिस्टोरेशन, म्हणजे जुनी रेकॉर्डिंग्ज दुरुस्त करणाऱ्या, कंपनीत मी एकोणीस वर्षं काम करते, तिचा तो मॅनेजर. “खऱ्या रेकॉर्डिंगला समोर ऑडियन्स असतो.”

“रिहर्सल रेडिओवर लागत नाही,” मी म्हणाले. “ही टेप कोणीतरी घरी, रेडिओसमोर माइक ठेवून केली आहे. मागे खोली ऐकू येते.”

“मग ऑडियन्स कुठे गेला?” फिओनाने विचारलं. फिओना आमची क्लायंट, रेडिओ प्रोड्यूसर. हा भाग तिला सहा आठवड्यांनी पुन्हा रेडिओवर लावायचा होता आणि तशी घोषणा ती करून बसली होती.

मालिकेचं नाव देत नाही. करारात तशी अट आहे. महायुद्धानंतरच्या वर्षांत ही विनोदी मालिका दर आठवड्याला अर्धा तास लागायची. आडबाजूचं एक छोटं रेल्वे स्टेशन, तिथला स्टेशन मास्तर, त्याची बहीण आणि एक हमाल, एवढीच माणसं. रेकॉर्डिंग हॉलमध्ये, प्रेक्षक बसवून व्हायचं. त्या काळी टेप पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. त्यात बरेच भाग गेले. हा त्यांपैकीच एक. कार्डिफमधल्या एका निवृत्त डॉक्टरांच्या घरी त्याची टेप निघाली, म्हणून ती आमच्याकडे आली होती.

मी आणखी दोन मिनिटं ऐकलं. माणसं फार घाईने बोलत होती. विनोदी नट एक वाक्य टाकतो आणि हशा ओसरेपर्यंत थांबतो. इथे एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होत होतं. आणि प्रत्येक वेळी मधे एक बारीक ‘टक्’ होता.

मशीन बंद करून मी रीळ हाताने फिरवलं. टेपवर ठिकठिकाणी पांढरट कापडी पट्ट्या होत्या. टेप कापून पुन्हा जोडली की त्या जागेला आम्ही सांधा म्हणतो. सांध्यासाठी खास पातळ पट्टी मिळते. ही ती नव्हती. हॉस्पिटलमध्ये ड्रेसिंगवर लावतात ती चिकटपट्टी होती.

मी सांधे मोजले. त्रेचाळीस.

“कोणीतरी हशा कापून काढलाय,” मी म्हणाले.

“कॉमेडीतून?” कॉलिन म्हणाला. “कोण करेल असं?”

फिओना म्हणाली, “माझ्याकडे दुसऱ्या भागांचा भरपूर हशा आहे. तोच टाका. त्याच सिरीजचा आहे, कुणाला कळणार?”

“आधी डॉक्टरांना विचारते,” मी म्हणाले.

डॉ. दामल्यांना फोनवर काही ऐकू येत नव्हतं. तीनदा “कोण? कोण?” म्हणून त्यांनी फोन ठेवला. गुरुवारी मी ट्रेनने कार्डिफला गेले.

घराबाहेर ‘सोल्ड’ची पाटी होती. आत खोके. डॉक्टर ब्याण्णव वर्षांचे, उंच, टाय लावलेले. घर विकलं होतं आणि दोन आठवड्यांनी ते एडिनबराला, मुलीजवळच्या, वृद्धांच्या रेसिडेन्शियल होममध्ये जाणार होते.

“तुम्ही टेपवाल्या का? या. डावीकडे बसा. उजवा कान रिटायर झाला, डावा नोटीस पीरियडवर आहे.”

मी डावीकडे बसले आणि मोठ्याने विचारलं, “डॉक्टर, टेप कोणी कापली?”

“मीच. सर्जिकल कात्रीने. स्वच्छ कापली आहे ना?”

“स्वच्छ आहे. पण का कापली?”

त्यांनी आधी चहा केला. मग सांगितलं.

पुण्याहून ते थेट वेल्समधल्या एका हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर म्हणून आले. राहायला क्वार्टर्समधली एक खोली. सकाळी डॉक्टरांच्या मेसमध्ये सगळे आदल्या रात्रीच्या कार्यक्रमातली वाक्यं एकमेकांना ऐकवायचे आणि हसायचे. दामल्यांना शब्द कळायचे, हसण्याचं कारण कळायचं नाही. ते अर्धा सेकंद उशिरा हसायचे. ते सगळ्यांच्या लक्षात यायचं. मग त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला. कार्यक्रम टेप करायचा आणि नंतर डिक्शनरी घेऊन एकेक वाक्य ऐकायचं.

“पण दर दोन वाक्यांनी ते हॅ हॅ हॅ. दहा-दहा सेकंद. त्यात इंग्रजी काय होतं? मला शिकायचं इंग्रजी होतं. काढून टाकलं.”

“टेप करताना तुम्ही ऐकलाच असेल ना तो हशा?”

“माइकपाशी श्वास रोखून बसायचो. आवाज झाला तर टेपवर येईल. हसायचीसुद्धा चोरी. आणि कळत होतं कुठे हसायला?”

“कापलेले तुकडे फेकले?”

“फेकीन कशाला? जोडून त्यावर आईला पत्र बोलून पाठवणार होतो. पण प्रत्येक जोडावर टेप उडी मारायची. आईला वाटलं असतं, पोराला उचक्या लागल्यात. ठेवून दिलं.”

“कुठे?”

ते उठले आणि गॅरेजच्या दाराशी रचलेल्या सामानाकडे गेले. ते सामान शनिवारी टिपवर, म्हणजे कौन्सिलच्या कचरा डेपोत, जाणार होतं. त्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. झाकणावर कागद चिकटवलेला. त्यावर शाईने, सुवाच्य मराठीत लिहिलं होतं: ‘हशा. निरुपयोगी.’

टेप न्यायला आलेल्या आमच्या माणसाला ते लेबल वाचता आलं नव्हतं. त्याने डबा घेतलाच नव्हता.

आत एक छोटं रीळ होतं. पट्ट्याच पट्ट्या. खिडकीपाशी धरून मी तुकडे मोजले. त्रेचाळीस.

“डॉक्टर, हे सगळे तुकडे परत जागेवर बसवता येतील. पण ज्या क्रमाने कापले त्याच क्रमाने जोडलेत का?”

“छे. किडनी ट्रेमध्ये टाकत गेलो आणि नंतर हाताला येईल तो जोडला. काही उलटेही लागले असतील.” मग त्यांनी विचारलं, “किती दिवस लागतील?”

“तीन-चार आठवडे. रेडिओवर लागायला सहा.”

“ऑडिओलॉजिस्ट म्हणते, डाव्या कानाचं काही सांगता येत नाही. मला हा भाग एकदा पूर्ण ऐकायचाय. लोकांसकट.”

मी कारण विचारलं नाही. या कंपनीत येण्याआधी मी रेडिओच्या न्यूजरूममध्ये होते. तिथे शिकलेली एक गोष्ट अशी, की माणूस थांबला की आपणही थांबायचं. ते कपातल्या चहाकडे बघत पुढे बोलले.

“दोन वर्षांनी लग्न करून सुमतीला आणलं. माझ्या छत्तीस-छत्तीस तास ड्यूट्या. ती त्या खोलीत एकटी. शेजारी कोणी नाही, भाषा नाही. म्हटलं, टेप ऐक, इंग्रजी सुधारेल. हे विनोदी आहे असं सांगायचं राहिलं. आणि हशा तर मी कापलेला.”

“मग?”

“एकदा संध्याकाळी आलो तर मशीनसमोर बसलेली. डोळे लाल. काय झालं? तर म्हणे, त्या मास्तरला भेटायला कोणी आलंच नाही हो.”

भागाची गोष्ट अशी. मास्तरचा शाळेतला मित्र पत्र पाठवतो: अमुक गाडीने येतोय. मास्तर वेटिंग रूम रंगवतो, खुर्च्या उसन्या आणतो, बहिणीकडून केक करवून घेतो. सगळ्याचा विचका होतो. शेवटी तो केक हातात घेऊन प्लॅटफॉर्मवर उभा राहतो. गाडी येते आणि न थांबता निघून जाते.

“मी हसलो,” डॉक्टर म्हणाले. “पोट धरून हसलो. म्हटलं, अगं, सगळा देश याला हसतो आणि तू रडतेस? तेवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये सांगितलं. पहिल्यांदाच माझ्या विनोदाला सगळे हसले. ख्रिसमस पार्टीत एका डॉक्टरची बायको तिला म्हणाली, तूच ना ती रडणारी?”

“सुमतीबाई काय म्हणाल्या?”

“काही नाही. कधीच काही नाही. साठ वर्षं संसार झाला. टीव्हीवर विनोदी काही लागलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची. मी इथे एकटा हसायचो. चार वर्षांपूर्वी गेली.” त्यांनी कप बाजूला ठेवला. “ते शेवटचं, गाडी जाते तिथलं, मला ऐकायचंय. लोक तिथे कितपत हसले होते ते. म्हणजे मी बोललो ते निदान खरं होतं का, ते कळेल.”

डबा मांडीवर घेऊन मी परत आले.

दुसऱ्या दिवशी फिओनाला कळवलं, खरा हशा मिळाला आहे. ती म्हणाली, “छान. पण तारीख हलणार नाही.”

काम असं होतं. चिकटपट्टीचा गोंद इतक्या वर्षांत पाझरून शेजारच्या वेढ्यांना चिकटला होता. सरळ फिरवलं असतं तर टेपवरचा थर उखडला असता. एकेक सांधा सॉल्व्हंटच्या थेंबाने, कापसाच्या काडीने सोडवायचा. सुटलेल्या तुकड्याला नंबर द्यायचा. मग तो मशीनवर वाजवून कॉम्प्युटरवर घ्यायचा. दिवसाला चार तुकडे व्हायचे. पाच झाले तर चांगला दिवस.

कुठला तुकडा कुठे, हे ठरवायला दोन खुणा होत्या. पहिली कात्रीची. हाताने कापलेली रेघ कधीच दोनदा सारखी येत नाही. कापलेली दोन टोकं भिंगाखाली एकमेकांत बसतात किंवा बसत नाहीत. दुसरी खूण विजेची. घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये मेन्सची, म्हणजे घरातल्या विजेची, बारीक घूं उतरते. ती एका लयीत चालते. तुकडा चुकीच्या जागी ठेवला की लय तुटते. दोन्ही खुणा जुळल्या तरच मी जागा पक्की करत होते.

अकरा तुकडे खरंच उलटे जोडलेले निघाले. उलटा हशा हशासारखा ऐकू येत नाही. आधी खोल श्वास, मग धाप, मग अचानक शांतता. सुलटा केला की त्यात माणसं दिसायला लागतात. एक बाई सगळ्यांच्या आधी हसायची. एक पुरुष सगळ्यांचं संपल्यावर.

ऑफिसमधले बहुतेक जण आता घरूनच काम करतात. मशीन्स घरी नेता येत नाहीत म्हणून मी येते. आमच्या मजल्यावर त्या तीन आठवड्यांत सफाईवाल्या बाईंशिवाय कोणी फिरकलं नाही. त्या एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, “तुम्ही दिवसभर काय ऐकता?” मी म्हणाले, “लोक हसतात ते.” त्यांनी हेडफोन कानाला लावून बघितला, परत दिला आणि कचऱ्याचं बिन उचलून गेल्या.

अधूनमधून डॉक्टरांची मुलगी ज्योती एडिनबराहून फोन करायची. ती तिथे फायनान्समध्ये आहे, जन्म कार्डिफचा.

“माझा मराठी तुटका आहे, सॉरी. पण तू जरा लवकर कर ना. बाबा आता टीव्हीचा आवाज फुल करतात तरी सबटाइटल वाचतात.”

“आठवडाभर दे.”

“ते रोज विचारतात. टेप आली का, टेप आली का. जेवणाचं विचारत नाहीत.”

बेचाळीस तुकडे बसले. त्रेचाळिसावा शेवटच्या टाळ्यांचा होता. त्याची जागा उघड होती. तो बसवल्यावर मी भाग पहिल्यापासून लावला. मास्तर खुर्च्या आणतो, लोक हसतात. रंग ओला असतानाच हमाल बसतो, लोक बराच वेळ हसतात. बेचाळिसावा हशा बहिणीच्या वाक्यावर होता. ती म्हणते, केक पडला नाही, फक्त त्याने जागा बदलली.

त्यानंतर मास्तर प्लॅटफॉर्मवर येतो. तिथून टाळ्यांपर्यंत एकही हशा नव्हता.

तुकडे संपले होते. मी मूळ टेपचा तेवढा भाग बाहेर काढला आणि इंच-इंच भिंगाखालून नेला. एकही सांधा नाही. दोन मिनिटं दहा सेकंद, अखंड टेप. म्हणजे डॉक्टरांनी तिथे कात्री लावलीच नव्हती. आवाज वाढवून ऐकलं. गाडी येते, जाते. मागे हॉल आहे: कोणीतरी खोकतं, एक खुर्ची करकरते. माणसं तिथेच आहेत. हसत नाहीत.

फिओनाला फाइल पाठवली. तासाभरात फोन आला.

“अमेझिंग काम. पण शेवट अडकला आहे का? दोन मिनिटं कोणी हसत नाही.”

“कोणी हसलं नव्हतं.”

“लोकांना वाटेल आपण विसरलो. तू तिथे थोडासा टाक ना. हलका. गाडी गेल्यावर.”

“टाकता येणार नाही. टेप तिथे कापलेली नाही.”

“मनीषा, ही कॉमेडी आहे.”

“माहीत आहे. सांध्यांचे फोटो पाठवते, आणि जिथे सांधा नाही तिथलेही. हशा हवाच असेल तर तुझ्याकडे टाक. पण मग त्यावर ‘मूळ रेकॉर्डिंग’ असं लिहिता येणार नाही.”

“फोटो पाठव,” ती म्हणाली.

शनिवारी मी एडिनबराला गेले. ईमेलने फाइल पाठवता आली असती. पण डॉक्टरांच्या डाव्या कानाला उंच की खालच्या, कुठल्या पट्टीतला आवाज ऐकू येतो, ते समोर बसूनच ठरवावं लागणार होतं.

होममधली खोली लहान आणि फार गरम होती. टाय होताच. ज्योतीने दुसरा हेडफोन घेतला. मी लॅपटॉपवर आवाजाची एकेक पट्टी वरखाली करत होते. “आता?” असं वहीवर लिहून विचारत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “हां. आता माणसं बोलतात.”

मी भाग लावला.

पहिल्या पाच-सहा हशांना ते नुसते ऐकत होते, ड्यूटीवरचा डॉक्टर छाती ऐकतो तसे. हमाल ओल्या रंगावर बसला तेव्हा ते हसले. बरोबर लोकांबरोबर, अर्धा सेकंदही उशिरा नाही. ज्योतीने माझ्याकडे पाहिलं. नंतर ते बऱ्याचदा हसले. केकच्या वाक्याला त्यांनी मांडीवर थाप मारली.

मग मास्तर प्लॅटफॉर्मवर आला. डॉक्टर पुढे वाकले. गाडी आली, गेली. टाळ्या झाल्या.

“इथला तुकडा बसवायचा राहिला,” ते मोठ्याने म्हणाले.

मी वहीवर लिहिलं: ‘इथे सांधा नाही. तुम्ही इथे काही कापलेलं नाही.’

त्यांनी चष्मा लावून वाचलं. “मी सगळा हशा कापला होता.”

‘हो. सगळा मिळाला. इथे नव्हताच.’

“एवढा हॉल गच्च भरलेला. सगळे गप्प?”

मी लिहिलं: ‘एक खोकला आहे.’

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, “पुन्हा लावा. शेवटचं तेवढंच.”

मी लावलं. चार वेळा. चौथ्या वेळी त्यांनी हेडफोन काढून नीट घडी करून माझ्या हातात दिला.

“टेप मीच केली,” ते म्हणाले. “कापली मीच. आणि बरोबर ऐकली तिने.”

ज्योतीला अर्धंच कळलं होतं. “कोण? आई?” तिने विचारलं. डॉक्टरांना ते ऐकू आलं नाही. ते खिडकीकडे वळले होते. तिने मला विचारलं, “काय झालं? आई मला कधी काही सांगितली नाही.” मी तिला जिन्याजवळ नेऊन सांगितलं. ती म्हणाली, लहानपणी तिला वाटायचं की आईला टीव्हीच आवडत नाही.

भाग ठरल्या दिवशी लागला. फिओनाने शेवट आहे तसा ठेवला. नंतर तिने मला एका श्रोत्याची मेल पुढे पाठवली: शेवटी दोन मिनिटं तुमचा आवाज गेला होता का? त्यावर तिने लिहिलं होतं, ‘सांगितलं होतं.’ ज्योतीचा मेसेज आला की बाबांनी रेडिओ लावला नाही. डाव्या कानालाही आता काही ऐकू येत नव्हतं, लावून उपयोगही नव्हता.

आमच्या कामात प्रत्येक टेपसोबत एक नोंदपत्रक जातं. त्यात सांध्यांची यादी असते: किती, कुठे, कशाने जोडलेले. जिथे सांधा नाही तिथलं कोणी लिहीत नाही, कारण तिथे करण्यासारखं काही नसतं. मीही एकोणीस वर्षं लिहीत नव्हते. आता लिहिते. कॉलिन म्हणतो, यात वेळ जातो. जातो. त्या टेपच्या पत्रकावरची शेवटची ओळ अशी आहे: प्लॅटफॉर्मचा प्रसंग, दोन मिनिटं दहा सेकंद, कापलेलं नाही, प्रेक्षक उपस्थित.